आमचा स्टॉपर

(सकाळ. शिरोड्याचं वेळागर. सुकती लागल्यामुळे ओली वाळू कडक झाली आहे. सुरूच्या काटक्या रोवून दोन गोल केले आहेत. दहा-बारा मुलं खेळतायत.)

यातली सगळ्यात मागे उभी असलेली मुलगी बघा. लाल टी-शर्टवाली. चेंडू तिकडे पाण्याच्या कडेला आहे, सगळी टोळी त्याच्यामागे पळाली आहे आणि ही इथेच. आता ती दोन पावलं डावीकडे सरकली, मग एक पाऊल मागे. पलीकडच्या टीमचा उंच पोरगा मघापासून एकटाच सुटला होता. त्याच्या आणि गोलच्या मधे ती जाऊन उभी राहिली. पास देणाऱ्याने मान वर केली, तिला बघितलं आणि चेंडू दुसरीकडे ढकलला. तिचा पाय चेंडूला लागलासुद्धा नाही.

टीव्हीवर या जागेला सेंटर बॅक म्हणतात. वेंगुर्ला, शिरोडा, आरोंदा, बांदा, सावंतवाडी या आमच्या पट्ट्यात आणि तेरेखोल ओलांडून गोव्यात तिला एकच नाव आहे, स्टॉपर. थांबवणारा.

ही फिल्म करताना आम्ही तळकोकणात फिरलो आणि भेटेल त्याला एकच प्रश्न विचारला. तुमच्या क्लबचा आजवरचा सगळ्यात आवडता स्टॉपर कोण? गोल मारणाऱ्यांची नावं लोक पटापट सांगतात. स्टॉपरचं नाव विचारलं की माणूस जरा थांबतो, समुद्राकडे किंवा छपराकडे बघतो, आणि मग जे सांगायला लागतो ते अर्धा तास संपत नाही.

(आरोंद्याची खाडी. किरणपाणीचा पूल. पुलाखालून जाणारी होडी.)

आधी एक गोष्ट सांगायला हवी. सिंधुदुर्गात असा क्लब कधी नव्हता, की ज्याची मॅच देशभर बघितली जाईल. मुंबई आम्हाला पाचशे किलोमीटर लांब. मडगाव शंभराच्या घरात. मग आमचे क्लब खाडीपलीकडचे. पणजीचा धेंपो, वास्कोचा साळगावकर, नंतर चर्चिल ब्रदर्स. धेंपो आणि साळगावकर ही खाणींच्या धंद्यातली घराणी. आमच्याकडची माणसं त्या खाणींवर, ट्रकांवर, मांडवीतल्या बार्जवर कामाला होती. पगाराबरोबर ती क्लबही घरी घेऊन आली.

माझे मामा त्यातलेच. लोखंडाचं खनिज वाहणाऱ्या बार्जवर त्यांनी बावीस वर्षं काढली. त्यांचा क्लब साळगावकर आणि त्यांचा स्टॉपर डेरिक परेरा.

ऐंशीच्या दशकातला साळगावकर म्हटलं की लोकांना आधी गोलमधला ब्रह्मानंद शंखवाळकर आठवतो, आणि ते बरोबरच आहे. भारताचा कर्णधार होता तो. पण मामा म्हणतात, ब्रह्मानंदच्या पुढे कोण उभा असायचा ते विचारा. 1988 साली साळगावकरने फेडरेशन कप, म्हणजे देशभरातल्या क्लबांची स्पर्धा, जिंकला. गोव्याच्या क्लबला तो कप पहिल्यांदाच मिळाला. पुढच्या वर्षी, 1989 साली, परत जिंकला. तोवर तो कप बहुतेक वेळा कोलकात्याला जायचा. मामा त्या दिवसांबद्दल बोलायला लागले की हातातला चहा निवतो. डेरिक चेंडू काढून घ्यायचा आणि आंधळेपणाने उडवायचा नाही, हे त्यांचं पहिलं वाक्य. मान वर करून माणूस शोधायचा आणि द्यायचा, हे दुसरं. हाच माणूस पुढे कोच झाला आणि मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली. मामांना त्याचं काहीच नवल वाटलं नव्हतं. स्टॉपरला सगळं मैदान समोर दिसतं, ते म्हणतात. फॉरवर्डच्या पाठीमागे काय चाललंय ते फॉरवर्डला कुठून कळणार?

(मामांचं घर. मागे खाडी, मधे शेत, दोघांच्या मधोमध मातीचा बांध.)

मामांची भातशेती खाडीकाठची. भरतीच्या वेळी बांधापलीकडचं खारं पाणी शेताच्या पातळीपेक्षा वर असतं. ते एकदा आत आलं की त्या वर्षीचं पीक गेलं, आणि पुढचे दोन-तीन पावसाळे जमिनीतलं मीठ धुऊन काढण्यात जातात. म्हणून अवस-पुनवेच्या मोठ्या भरतीनंतर मामा बांधावरून फेरी मारतात. बघतात काय, तर कुर्ल्यांची बिळं. बोटभर रुंदीचं बीळ असतं. त्यातून पाणी झिरपायला लागलं की आतून माती सुटते, आणि एक दिवस हातभर बांध खचतो.

शूटिंगच्या दिवशी त्यांना असं एक बीळ सापडलं. मामा गुडघ्यावर बसले. आधी बोट घालून बीळ कुठे वळतंय ते बघितलं. मग चिखलाच्या गोळ्यात पेंढा मळला, तो आत कोंबला आणि वर टाच दाबली. दोन मिनिटांचं काम. उठले, हात खाडीत धुतले आणि पुढे चालू लागले. कॅमेरा चालू आहे हे ते विसरले होते.

त्यांना स्टॉपर का आवडतो, हे मी त्यानंतर त्यांना विचारलं नाही.

(मडगाव स्टेशन. पिवळ्या-काळ्या मोटरसायकलींची रांग.)

माझा क्लब धेंपो. मामांनी यासाठी मला आजही पूर्ण माफ केलेलं नाही. पण मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला मला घेऊन गेले तेच.

आमचं ठरलेलं असायचं. सावंतवाडी रोडला पॅसेंजर धरायची, मडुरे, पेडणे, थिवी, करमळी करत मडगावला उतरायचं, तिथून पायलट. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, गोव्यात मोटरसायकल टॅक्सीवाल्याला पायलट म्हणतात. दोघांना दोन पायलट. स्टेडियमच्या बाहेर गाड्यावर रोस ऑम्लेट खायचं, चण्याची पुडी घ्यायची आणि आत जायचं.

ते दिवस गोव्याच्या फुटबॉलचे होते. आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सगळ्यात वरची लीग, सुरू झाल्यावरचा पहिला विजेता धेंपो, 2007-08. मग चर्चिल, परत धेंपो, मग साळगावकर, पुन्हा धेंपो, पुन्हा चर्चिल. सलग सहा वर्षं देशाचा कप मांडवी-जुवारीच्या बाहेर गेला नाही. आधीची राष्ट्रीय लीग धरली तर धेंपोकडे पाच विजेतेपदं आहेत आणि पाचही वेळा कोच एकच, आर्मांद कुलासो. 2008 साली हाच संघ आशियातल्या क्लबांच्या एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला होता.

त्या धेंपोत पुढे रँटी मार्टिन्स होता. 2011-12 च्या मोसमात एकट्याने 32 गोल. मधे क्लायमॅक्स लॉरेन्स, बेटो, क्लिफर्ड मिरांडा. मी त्यांच्यासाठी जायचो. तेराव्या-चौदाव्या वर्षी कोण स्टॉपर बघायला जातो?

एका संध्याकाळी मामांनी माझ्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आता धा मिनटां बॉल बघू नको. फक्त तेका बघ."

तो म्हणजे महेश गवळी.

दहा मिनिटं चेंडू न बघणं किती कठीण असतं, करून बघा. डोळे आपोआप तिकडे पळतात. पण मी बघितलं. आणि मला पहिल्यांदा दिसलं की चेंडू पलीकडच्या अर्ध्यात असताना हा माणूस मोकळा नसतो. दर दोन-चार सेकंदांनी मान वळवून तो मागे बघतो. फॉरवर्ड त्याच्या पाठीशी असला तर हाताची मागची बाजू हलकेच त्याच्या पोटाला लावून ठेवतो. ढकलत नाही, धरत नाही. नजर चेंडूवर आणि फॉरवर्ड कुठे सरकतोय ते हाताला कळतंय. मागच्या फळीतून ओरडा यायचा, "भायर! भायर!" आणि चौघं एकदम चार पावलं पुढे यायची. फॉरवर्ड एकटाच मागे उरायचा आणि ऑफसाइड म्हणून लाइन्समनचा झेंडा वर जायचा. प्रेक्षकांत त्यावर टाळी नाही. काही लोक तोवर चण्याची पुडी उलगडत असायचे.

त्याच्या शेजारी बऱ्याचदा समीर नाईक असायचा. दहा वर्षांहून जास्त काळ धेंपोचाच राहिलेला माणूस, पुढे कर्णधारही झाला. दोन स्टॉपरची जोडी म्हणजे नेमकं काय, हे मला या दोघांकडे बघून कळलं. एक चेंडूवर गेला की दुसरा त्याच क्षणी त्याच्या मागच्या रिकाम्या जागेत पोचलेला असायचा. तो आधी निघालेला असायचा, म्हणून पोचायचा. पहिला चुकला तरी आपल्याला चूक दिसायची नाही.

गवळी आमच्याकडे यायच्या आधी चर्चिलकडून आणि ईस्ट बंगालकडून खेळला होता. 2003 साली ईस्ट बंगालने जकार्ताला आसियान क्लब चॅम्पियनशिप जिंकली, अंतिम सामन्यात थायलंडच्या बीईसी टेरो सासानाला 3-1 ने हरवून. त्या संघातही तो होता. कोलकात्याचे लोक त्याला आपला म्हणत असतील तर त्यांचाही हक्क आहेच. पण ते दहा मिनिटांचं बघणं माझं आहे.

(टीव्हीचा पडदा. फुटबॉलच्या मॅचचं चित्रण, कॅमेरा चेंडूबरोबर डावीकडून उजवीकडे फिरतोय.)

या फिरण्यात मला एक गोष्ट पटत गेली. स्टॉपर मैदानात जाऊनच दिसतो. टीव्हीचा कॅमेरा चेंडूचा गुलाम असतो. चेंडू पुढे गेला की स्टॉपर चौकटीबाहेर. त्याचं खरं काम चेंडू लांब असतानाच चाललेलं असतं, आणि तेवढंच नेमकं आपल्याला दाखवलं जात नाही. म्हणून ज्यांचा क्लब टीव्हीत आहे, त्यांच्या मनात स्टॉपरचा एखादाच प्रसंग राहतो. पण तो प्रसंग ते आयुष्यभर सांभाळतात, हेही तितकंच खरं.

बांद्याला एक गॅरेजवाले भेटले. त्यांचा क्लब एसी मिलान आणि त्यांचा स्टॉपर फ्रँको बारेसी. 1977 ते 1997, बारेसी एकाच क्लबकडून खेळला. तो थांबल्यावर क्लबने सहा नंबरची जर्सी पुन्हा कोणाला दिली नाही. 1993-94 च्या मोसमात मिलानने 34 सामन्यांत फक्त 15 गोल खाल्ले आणि स्वतः फक्त 36 मारून लीग जिंकली. हे आकडे त्यांना तोंडपाठ. पण ते सांगत होते वर्ल्ड कपच्या फायनलबद्दल. जुलै 1994, इकडे मुसळधार पाऊस, वाड्यावरच्या एकमेव टीव्हीसमोर पंधरा माणसं, रात्रीचा एक वाजलेला. नॉर्वेविरुद्धच्या सामन्यात बारेसीच्या गुडघ्याला दुखापत झाली होती, ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर महिनाही झाला नव्हता आणि तो अंतिम सामन्यात उभा होता, समोर रोमारिओ आणि बेबेटो. एकशेवीस मिनिटं ब्राझीलला गोल मिळाला नाही. मग पेनल्टी. इटलीची पहिली पेनल्टी बारेसीने घेतली आणि ती बारवरून गेली. शेवटची बॅजिओने, तीही बारवरून गेली आणि कप ब्राझीलचा.

गॅरेजवाले स्पॅनर फडक्याने पुसत होते. म्हणाले, "लोकांका बॅजिओची पेनल्टी याद असा. माका बारेसीचो गुडघो याद असा."

त्याच वर्षी मे महिन्यात मिलानने युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाला 4-0 ने हरवलं. त्या रात्री बारेसी नव्हता. तो आणि त्याचा जोडीदार स्टॉपर कोस्टाकुर्ता, दोघेही बंदीमुळे बाहेर. मी त्यांना विचारलं, बारेसीशिवायही जिंकलेच ना? ते मला इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, काहीतरी चुकीचं विचारलं. मग म्हणाले, रोज ज्याच्याबरोबर सराव केला, त्याच्याकडून शिकलेलेच तर उभे होते. मागच्या फळीतला मालदिनी कोणाच्या शेजारी मोठा झाला?

(मालवण, दांडीचा किनारा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारी माणसं, दोराला लागलेले खांदे.)

मालवणातल्या या रापणकराची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. क्लब लिव्हरपूल. स्टॉपर जेमी कॅरागर.

25 मे 2005, इस्तंबूल, युरोपच्या चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर मिलान. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. वळवाचे दिवस. मध्यंतराला लिव्हरपूल 0-3 ने मागे आणि त्याच सुमारास ढगांचा गडगडाट होऊन लाइट गेली. सगळे उठून घरी गेले. हा एकटा पडवीत पडून राहिला, डास मारत. सव्वादोनच्या सुमारास लाइट आली. टीव्ही लागला तर जादा वेळ चालू होता आणि स्कोअर 3-3!

जेरार्डचा गोल, श्मित्सरचा गोल, अलोन्सोचा गोल. सहा मिनिटांत झालेले ते तीन गोल जगाने बघितले आणि याने नाही. याने काय बघितलं? पायात गोळे आलेला कॅरागर. डावीकडून सर्जिन्योचा क्रॉस येतोय, पाय उचलत नाहीये, आणि तरी तो पाय लांबवून चेंडूला लावतोय. आडवा पडतोय. कोणीतरी त्याचा पाय ताणून देतंय. उठतोय. परत तेच. मग पेनल्टी शूटआउट आणि कप.

"सगळे माका विचारतत, तीन गोल चुकले म्हणान वायट वाटला काय," तो सांगत होता. "माका काय्येक चुकला नाय. रापणीचो दोर शेवटाक कसो वाटता ठावूक असा? खांदो आपलो ऱ्हवणा नाय. तरी सोडूक गावणा नाय. तसो होतो तो."

कॅरागर लिव्हरपूलकडून 737 सामने खेळला. दुसऱ्या क्लबकडे गेलाच नाही.

सावंतवाडीच्या मोती तलावाच्या काठावर कॉलेजची मुलं भेटली. त्यांच्यात व्हिडिच आणि फर्डिनंडवरून भांडण, पुयोलवरून एकमत. त्यांतल्या एकाने एफसी गोवाचा सेनेगली स्टॉपर मुर्तदा फाल निवडला. 2019-20 ला गोव्याने इंडियन सुपर लीगचं लीग शील्ड जिंकलं आणि आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला, त्या संघातला फाल. कॉर्नरला पुढे जाऊन डोक्याने गोल मारणारा. मुलगा म्हणाला, तो नंतर मुंबई सिटीला गेला तेव्हा मी जर्सी कपाटात घालून ठेवली. अजून तिथेच आहे.

(फातोर्डा स्टेडियम. रिकाम्या खुर्च्या.)

2016 साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा, तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. देशाच्या फुटबॉलचा नवा आराखडा त्यांना मान्य नव्हता. बरोबर कोण, चूक कोण, यावर मला इथे बोलायचं नाही. मला एवढंच ठाऊक आहे की पॅसेंजर पुढेही मडगावला जात राहिली आणि आम्ही जायचे थांबलो. धेंपो 2024-25 च्या मोसमात आय-लीगमध्ये परत आला तेव्हा कोच म्हणून बाकावर समीर नाईक होता. म्हणजे मधली वर्षं, जेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं, तेव्हाही तो तिथेच होता.

आणि गवळी? 2023 च्या जुलैत बंगळुरूला सॅफ चॅम्पियनशिप, म्हणजे दक्षिण आशियाची स्पर्धा, चालू होती. भारताचा मुख्य कोच निलंबित झाल्यामुळे उपांत्य आणि अंतिम सामन्याला संघ सांभाळायची वेळ सहायक कोचवर आली. तो सहायक कोच महेश गवळी. लेबनॉनविरुद्ध पेनल्टी, कुवेतविरुद्ध पुन्हा पेनल्टी, आणि कप भारताचा.

त्या रात्री मामा मोबाइल नाकाजवळ धरून मॅच बघत होते. खेळत होता तेव्हा कॅमेरा ज्याच्यावर थांबला नाही, त्याचा चेहरा आता दर दोन मिनिटांनी दिसत होता. मामांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. अगदी तसाच.

"बघ. चेंडू तिकडे आणि तेची मान खय असा बघ."

गवळीने मान वळवली होती, मागच्या फळीकडे.

(परत वेळागर. ऊन वर आलंय. भरतीचं पाणी पहिल्या गोलच्या काटक्यांपर्यंत पोचलंय. मुलं सुरूच्या सावलीत.)

लाल टी-शर्टवाल्या त्या मुलीलाही आम्ही प्रश्न विचारला. तिने उत्तर दिलं नाही, उलट आम्हालाच विचारलं, "तुमच्या गवळीचो व्हिडिओ असा?"

आम्ही मोबाइलवर शोधला. धेंपोच्या जुन्या सामन्यांचे तुकडे आहेत, पण सगळे गोलांचे. रँटी मारतोय, बेटो मारतोय, लोक नाचतायत. बऱ्याच वेळाने एक तुकडा सापडला, पुसट, कोणीतरी स्टँडमधून काढलेला. धेंपोचा हल्ला सुरू होतो, चेंडू पुढे जातो, कॅमेरा त्याच्यामागे वळतो. आणि वळता वळता, चौकटीच्या डाव्या कडेला, अर्धा सेकंद, एक माणूस मागे बघतो, दोन पावलं आत सरकतो आणि चौकटीबाहेर जातो.

तिने मोबाइल माझ्या हातातून घेतला. अंगठ्यावर वाळू होती, ती टी-शर्टला पुसली आणि व्हिडिओ मागे ओढला. परत बघितलं. परत मागे ओढला.

मागून कोणीतरी हाक मारली, पाणी वर येतंय, गोल उचला म्हणून.

"ऱ्हव जरा," ती म्हणाली, आणि पुन्हा सुरुवातीपासून लावलं.